‘लोकप्रिय मालिकेत विनोदवीराची एन्ट्री’: ही बातमी नीट कशी वाचायची

एखाद्या गाजलेल्या कॉमेडी-ड्रामाच्या नव्या सीझनमध्ये एक नावाजलेला विनोदी नट येणार, अशी चार ओळींची बातमी येते आणि चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता धमाल. दुसरा म्हणतो, संपलं, यांच्याकडे गोष्ट उरली नाही म्हणून माणसं गोळा करताहेत. भांडण जोरात असलं तरी दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: या माणसाला हसवायला बोलावलंय. खरी गल्लत तिथेच आहे. अशा मालिकेला विनोद लिहिणारे आधीच असतात आणि ते करणारेही असतात. बाहेरून नट आणतात तो बहुतेक वेळा जुन्या पात्रांमध्ये जे साचून बसलंय ते हलवायला. तो किती हसवतो हा नंतरचा प्रश्न. त्याच्यामुळे बाकीचे काय बोलायला लागतात, हे आधी बघायचं.

कॉमेडी-ड्रामा आणि साधा सिटकॉम यांतला फरक इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठरीव सिटकॉममध्ये भाग संपला की पाटी बरीचशी कोरी होते. नवरा-बायकोचं भांडण बावीस मिनिटांत मिटतं आणि पुढच्या आठवड्यात कुणाला त्याची आठवणही नसते. कॉमेडी-ड्रामात पात्रांना सगळं आठवतं. पहिल्या सीझनमध्ये बोललेला एक वाकडा शब्द तिसऱ्या सीझनमध्ये उगवतो. हसू आणि दुखणं एकाच प्रसंगात, कधीकधी एकाच वाक्यात असतं. त्यामुळे अशा मालिकेत नवा माणूस आला की रंगात आलेल्या जुन्या मित्रांच्या बैठकीत अनोळखी पाहुणा येऊन बसल्यासारखं होतं. सगळे त्याच्याशी गोड बोलतात, पण एकमेकांशी मात्र जरा वेगळं बोलायला लागतात. लेखकांना हवं असतं ते हेच.

आधी करार

बातमीत ‘मालिकेत सामील’ एवढंच लिहिलेलं असलं, तरी सामील होण्याच्या पायऱ्या असतात. अमेरिकन टीव्ही उद्योगात (आणि त्याच्या प्रभावाने इतरत्रही) साधारण तीन. सर्वांत वर ‘सिरीज रेग्युलर’. याचं नाव मुख्य श्रेयनामावलीत येतं, पूर्ण सीझनसाठी त्याला बांधून घेतलेलं असतं आणि भागागणिक मानधन ठरलेलं असतं. त्यातही गोम अशी की काहींना ‘बनलेल्या सगळ्या भागांचे’ पैसे मिळतात, तर काहींना हमी असते ती दहापैकी सात भागांचीच. दुसरी पायरी ‘रिकरिंग’, म्हणजे अधूनमधून येणारं पात्र. गरज लागेल तसं बोलवायचं. तिसरी ‘गेस्ट’: एखाद-दोन भाग, एक छोटी गोष्ट, नमस्कार. पुढच्या वर्षी ‘अमुक नटाला रेग्युलर म्हणून बढती’ अशी बातमी दिसली, तर ती किरकोळ समजू नका. निर्मात्यांनी त्या पात्रावर पुढच्या काही वर्षांची गोष्ट लावायचं ठरवलंय, असा तिचा अर्थ.

रेग्युलरच्या करारात पर्याय निर्मात्याच्या हातात असतो. मालिका पुढे चालली तर त्याने नटाला ठेवायचं की नाही ते ठरवायचं. नटाने उठून जायचं म्हटलं तर ते सहजी जमत नाही. हा बंध किती वर्षं ताणता येतो यालाही इतिहास आहे. ऑलिव्हिया डी हॅविलँड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओला कोर्टात खेचलं आणि 1944 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. व्यक्तिगत सेवेचा करार सात कॅलेंडर वर्षांपलीकडे लादता येत नाही, हे तेव्हा पक्कं झालं. त्याआधी स्टुडिओ नटाने नाकारलेल्या भूमिकांचे दिवस करारात मागाहून जोडत राहायचे, म्हणजे सात वर्षं कधी संपतच नसत. हॉलीवूडच्या करारांत सात वर्षांचा आकडा वारंवार दिसतो त्यामागे हा निकाल आहे.

आणखी एक अट असते, ती बाहेरच्यांना फारशी माहीत नसते: पहिला हक्क कुणाचा. एखादा नट एका मालिकेला बांधील असेल, तर दुसऱ्या मालिकेने त्याला घेताना ‘आम्ही दुसऱ्या नंबरवर’ हे मान्य करायचं. तारखा आपटल्या की दुसऱ्या नंबरच्या मालिकेनेच मागे सरायचं. हे रुक्ष वाटतं खरं, पण यातून काय निघू शकतं त्याचं एक नामी उदाहरण आहे.

बॉब ओडेनकर्क हा मूळचा स्केच कॉमेडीतला, म्हणजे छोट्या-छोट्या विनोदी प्रहसनांतला माणूस. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा लेखक, नंतर ‘मिस्टर शो’चा अर्धा मालक म्हणावा असा कलाकार. 2009 मध्ये तो ‘ब्रेकिंग बॅड’ या गंभीर गुन्हेगारी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये सॉल गुडमन नावाचा बेरकी वकील म्हणून आला, तोही मोजक्या भागांपुरता. सीझनच्या शेवटी एक अत्यंत काळा प्रसंग होता. त्यात सॉलने येऊन निस्तरानिस्तर करायची होती. पण ओडेनकर्कच्या तारखा दुसऱ्या एका विनोदी मालिकेला, ‘हाउ आय मेट युअर मदर’ला, दिलेल्या होत्या. मग लेखकांनी सॉलचा माणूस म्हणून एक नवंच पात्र पाठवलं: माइक, जोनाथन बँक्सने केलेला. तारखांच्या अडचणीतून जन्मलेलं हे पात्र पुढे मालिकेच्या कण्यात जाऊन बसलं, आणि मोजक्या भागांसाठी आलेल्या वकिलाची स्वतःची मालिका 2015 ते 2022 चालली. त्यातही माइक होताच.

‘ब्रेकिंग बॅड’ला कुणी कॉमेडी-ड्रामा म्हणणार नाही, हे कबूल. पण विनोदी नट गंभीर गोष्टीत काय काम करतो ते तिथे स्वच्छ दिसतं. सॉल येईपर्यंत नायकाचे गुन्हे हे त्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या मनातलं ओझं होतं. सॉल त्या ओझ्याकडे धंद्याच्या नजरेने बघतो, फी सांगतो, सोय सुचवतो. आपण हसतो. आणि हसताहसता लक्षात येतं की नायकालाही आता हे सगळं हिशेबासारखं वाटायला लागलंय.

बोलावतात कशाला?

कारणं तीन-चार असतात आणि बातमीत सहसा त्यातलं सर्वांत सभ्य कारण छापलेलं असतं.

कधी सरळ पैशाचा आणि नावाचा मामला असतो. ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ 2005 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात कुणीही ओळखीचा चेहरा नव्हता. वाहिनीला दुसऱ्या सीझनसाठी एक नाव हवं होतं. 2006 मध्ये डॅनी डेव्हिटो आला, आणि त्याच्या मर्यादित तारखांमध्ये बसावं म्हणून वेगवेगळ्या भागांतले त्याचे प्रसंग सलग उरकून घेतले गेले. म्हणजे तो एका दिवशी तिसऱ्या भागातला प्रसंग करणार, जेवणानंतर नवव्या भागातला. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, नटाला मात्र प्रत्येक वेळी आपण गोष्टीत कुठे आहोत हे डोक्यात धरून उभं राहावं लागतं. असा केवळ नावासाठी आणलेला माणूस बहुधा फार टिकत नाही. डेव्हिटो टिकला, कारण लेखकांनी त्याला मोठ्या पाहुण्यासारखं मखरात बसवलं नाही. त्याला दोन मुख्य पात्रांचा बाप केलं आणि चौकडीच्या सगळ्या नालायकपणात खाली ओढलं.

कधी गोष्ट अडलेली असते. ‘चीअर्स’ या बारमध्ये घडणाऱ्या सिटकॉममध्ये सॅम आणि डायन या दोघांचं जमणं-तुटणं हा मालिकेचा मुख्य धागा होता, आणि असल्या धाग्याला दोन वर्षांत पीळ पडतो. 1984 मध्ये, तिसऱ्या सीझनच्या आरंभी, केल्सी ग्रामरला फ्रेझर क्रेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत आणलं. तो डायनच्या आयुष्यातला नवा पुरुष. काम थोडक्या भागांचं होतं. पण पात्राचा घाट बघा: सुशिक्षित, शब्दबंबाळ, स्वतःच्या मनाचा अजिबात थांग नसलेला मनाचा डॉक्टर. त्याच्यासमोर सॅमचा मत्सर उघडा पडतो, डायनचा दिमाख उघडा पडतो. फ्रेझर ‘चीअर्स’ संपेपर्यंत, म्हणजे 1993 पर्यंत, राहिला आणि नंतर त्याच्या नावाची मालिका 2004 पर्यंत चालली.

आणि कधी कुणीतरी सोडून गेलेलं असतं. हे सर्वांत अवघड काम, कारण रिकाम्या खुर्चीचा आकार आधीच्या माणसाचा असतो. इथे मला ‘मॅश’ आठवल्याशिवाय राहत नाही. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची ही मालिका 1972 ते 1983 चालली. तिसऱ्या सीझननंतर तिच्यातून दोन मोठे नट गेले. रुग्णालयाचा प्रमुख होता ढिला, भिडस्त, कुणालाही नाही म्हणू न शकणारा. त्याच्या जागी 1975 मध्ये हॅरी मॉर्गनचा कर्नल पॉटर आला, तो मुरलेला लष्करी माणूस. नायकाचा जिवलग बायकांच्या मागे धावणारा होता. त्याच्या जागी आलेला डॉक्टर घरी बायको आणि तान्ही मुलगी सोडून आलेला. दोन वर्षांनी खलनायकाच्या जागचा नटही गेला. तो शस्त्रक्रियेत अडाणी होता, म्हणून नवा आणला तो उत्तम सर्जन, नायकाला तोंडघशी पाडू शकेल इतका हुशार. तीनही वेळा लेखकांनी तसाच माणूस आणायचं टाळलं. परिणाम काय झाला? प्रमुखाला गुंडाळून ठेवण्यावर जे विनोद चालायचे ते बंद पडले, कारण पॉटर गुंडाळला जाणारा नव्हता. नायकाला आता त्याच्याशी खरं बोलावं लागलं. मालिका अधिक गंभीर झाली असं म्हणतात. त्याचं श्रेय या बदललेल्या खुर्च्यांना बरंच द्यावं लागेल.

हॅरी मॉर्गन त्याआधी याच मालिकेत एका भागात पाहुणा म्हणून येऊन गेला होता, एका वेड्या जनरलच्या भूमिकेत. तो भाग इतका जमला की माणूस निर्मात्यांच्या लक्षात राहिला. ऑडिशनचा हाही एक प्रकार.

फसलेली उदाहरणंही पुष्कळ. ‘द ब्रेडी बंच’ या कौटुंबिक सिटकॉममधली मुलं मोठी झाली तेव्हा 1974 मध्ये शेवटच्या सहा भागांसाठी ऑलिव्हर नावाचा लहानगा भाऊबंद आणला गेला. मालिका तिथेच संपली, पण ओसरत्या मालिकेत उगाच आणलेल्या नव्या मुलासाठी ‘कझिन ऑलिव्हर’ हा शब्दप्रयोग टीव्हीवाल्यांच्या बोलण्यात कायमचा राहिला. त्या मुलाचा काही दोष नव्हता. तो आल्याने घरातल्या कुणाचंही कुणाशी नातं बदललं नाही, एवढंच.

प्रसंग एक, रीती तीन

आता कॅमेऱ्याजवळ जाऊ. समजा, एक मालिका आहे. दोन बहिणी, वडिलांच्या मालमत्तेवरून बोलणं बंद, तीन सीझन झाले. आई अतिदक्षता विभागात. रात्रीचे दोन. रुग्णालयाच्या काउंटरवर नवा क्लार्क बसलाय, ही आपल्या विनोदी नटाची एन्ट्री. त्याच्या हातात फॉर्म आहे.

‘पेशंटशी नातं?’
‘मुलगी.’
‘आणि आपलं?’
‘मुलगी.’
‘म्हणजे तुम्ही दोघी बहिणी.’
‘कागदोपत्री,’ मोठी म्हणते.
तो फॉर्मकडे बघतो. पेन उचलतो. थांबतो. ‘कागदोपत्री… हे लिहायचंय का?’

हे करायच्या तीन रीती आहेत. पहिली: नट शेवटचं वाक्य टोला म्हणून मारतो, भुवई उडवतो. हशा येईल, पण बहिणी तिथून नाहीशा होतील. उरेल तो फक्त नट. दुसरी: तो ओशाळतो, आवाज खाली घेतो, प्रसंगाच्या गांभीर्याला शरण जातो. मग विनोदी नट घेतलाच कशाला? तिसरी रीत अशी की त्याला खरंच कळत नाहीये. रात्रपाळी आहे, फॉर्ममध्ये खोडाखोड चालत नाही, चुकलं तर सकाळचा साहेब त्याला धरणार. प्रश्न त्याच्यासाठी शंभर टक्के कामाचा आहे. आणि तो तसा विचारल्यामुळे दोघी बहिणींना तीन वर्षांत पहिल्यांदा एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. धाकटी फिस्सकन हसते. मोठी तिच्याकडे बघते. संपादक नेमका इथे कापतो आणि क्लार्ककडे परत जातच नाही. विनोदी वाक्य त्याचं, क्लोज-अप मात्र त्या दोघींचा.

त्या ‘थांबतो’मध्ये सगळी कमाई आहे. अर्धा सेकंद कमी पडला तर प्रश्न खोडसाळ वाटतो, एक सेकंद जास्त झाला तर नट हशाची वाट बघतोय हे दिसतं. विनोदी नटाकडे हे मोजमाप अंगात मुरलेलं असतं, पण ते मोजायची त्याची पट्टी इथे त्याच्या हातून काढून घेतलेली असते. रंगमंचावर किंवा प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या सिटकॉममध्ये हशा त्याला सांगत असतो, आता बोल, आता थांब. तीन कॅमेरे आणि समोर खरे प्रेक्षक ही रीत 1951 मध्ये ‘आय लव्ह लूसी’ने रूढ केली आणि पिढ्यान्‌पिढ्या नट त्यावर घडले. कॉमेडी-ड्रामा बहुतेक एका कॅमेऱ्याच्या पद्धतीने करतात. तेच वाक्य लांबून, खांद्यावरून, जवळून, पुन्हा समोरच्याच्या बाजूने, असं अनेकदा बोलायचं. आणि सेटवर कुणी हसायचं नाही, हसलं तर टेक वाया. पहिल्या वेळी तंत्रज्ञांना दाबून ठेवावं लागलेलं हसू आठव्या टेकला कुणाच्याच चेहऱ्यावर नसतं. नवखा नट तेव्हा बिचकतो आणि वाक्य थोडं जोरात मारू लागतो. चांगला दिग्दर्शक त्याचा पहिला-दुसरा टेक जपून ठेवतो.

‘मॅश’ला याच हशावरून वाहिनीशी झगडावं लागलं. निर्मात्यांना रेकॉर्ड केलेला हशा नको होता, वाहिनी ऐकेना. अखेर तडजोड झाली: शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांवर हशा लावायचा नाही. आजही ते भाग बघताना हा फरक कानाला जाणवतो. तंबूत विनोद झाला की पाठीमागून माणसं हसतात. टेबलाशी तोच नट तसाच विनोद करतो आणि पुढे शांतता. विनोद तिथे भीती झाकायला आलाय हे त्या शांततेमुळे कळतं.

विनोदी नटांवर गंभीर कामाचा भरवसा टाकताना वाहिन्या मात्र अजून कचरतात. ब्रायन क्रॅन्स्टनचं नाव ‘ब्रेकिंग बॅड’साठी पुढे आलं तेव्हा वाहिनीच्या लोकांना त्याच्यात फक्त ‘माल्कम इन द मिडल’मधला विदूषकी बाप दिसत होता. लेखक-निर्माता विन्स गिलिगनने त्याच्यासोबत पूर्वी ‘द एक्स-फाइल्स’चा एक भाग केला होता, तो दाखवून त्यांची समजूत घालावी लागली. माझं मत विचाराल तर भीती उलटी असायला हवी. रडवणं बऱ्याच नटांना जमतं. समोरच्याचं नीट ऐकून बरोबर क्षणी उत्तर देणं विनोदी नटाला पोटासाठी शिकावं लागतं, कारण त्याची चूक लगेच ऐकू येते.

जाता जाता पुरस्कारांचा घोळ. अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांत कॉमेडी की ड्रामा हे ठरवायला 2015 मध्ये वेळेचा नियम आणला: अर्ध्या तासापर्यंत असेल तर कॉमेडी, त्याहून मोठी असेल तर ड्रामा. वेगळं हवं असेल तर अर्ज करा. तासाभराच्या भागांची ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ त्यात सापडली. उझो अडुबाला एकाच पात्रासाठी 2014 मध्ये कॉमेडीतली पाहुणी कलाकार म्हणून पुरस्कार मिळाला आणि 2015 मध्ये ड्रामातली सहायक अभिनेत्री म्हणून. पुढे वेळेचा नियम काढूनही टाकला. पाहुण्या कलाकारासाठीही अट आहे: सीझनच्या निम्म्याहून कमी भागांत दिसलेलाच ‘गेस्ट’ ठरतो. त्यामुळे नवा नट दहापैकी चार भागांत आहे की पाचात, हे काही वेळा केवळ कथेवर ठरत नसावं, असा माझा संशय आहे.

राहता राहिला प्रश्न, नवा माणूस जमला की नाही हे कधी ठरवायचं. पहिल्या दोन भागांत तर मुळीच नाही. ते भाग बहुधा नट पक्का व्हायच्या आधी लिहिलेले असतात. पात्र कुणीतरी एक, विनोदी, एवढंच लेखकांसमोर असतं. तो सेटवर आला, सगळ्यांनी मिळून संहितेचं वाचन झालं, रोजचं फुटेज बघितलं, की मग लेखकांना कळतं याची लय काय आहे, कुणासमोर उभा केला की ठिणगी पडते. आठवड्याला एक भाग जाणाऱ्या मालिकांत हे सीझन चालू असतानाच सुधारता यायचं. ग्रामरचं काम वाढत गेलं ते असं. आता बऱ्याच मालिका आठ-दहा भाग पूर्ण चित्रित करून मगच दाखवतात, त्यामुळे त्या माणसाला बघून त्याच्यासाठी लिहिलेली पहिली गोष्ट आपल्याला दिसते ती थेट पुढच्या सीझनमध्ये, मालिका तोवर टिकली तर.